रोप घेण्याआधी बांबूची जात विचारा

मैत्रिणींनो, सध्या ग्रामसंघाच्या बैठकीत बांबू लागवडीचा विषय निघतोच. रोपं किती, पैसे किती, खड्डे कोण खणणार, सगळं बोलणं होतं. रोप कुठल्या जातीचं आणि ते आपल्या मातीत मूळचं वाढतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. एकदा लावलेलं बेट तीस-चाळीस वर्षं जागा धरून बसतं. जात चुकली तर ती चूकही तेवढीच वर्षं बांधावर उभी राहणार.

आपल्या देशात बांबूच्या शंभरावर जाती आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त ईशान्येकडच्या राज्यांत, कारण तिकडे पाऊस भरपूर. महाराष्ट्रात मूळच्या जाती थोड्याच, त्यातल्या तीन तरी प्रत्येकीला ओळखता आल्या पाहिजेत.

पहिला मानवेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाची जंगलं, मेळघाट, सातपुडा हे त्याचं घर. पानगळीच्या कोरड्या रानात, मुरमाड उतारावरही तो टिकतो. गंमत अशी की जमीन जितकी कोरडी आणि हलकी, तितकी त्याची काठी भरीव होते. ओलाव्याच्या जागी तोच मानवेल पोकळ निघतो. म्हणून लाठी, हत्यारांचे दांडे यासाठी कोरड्या रानातली काठी चांगली.

दुसरा काटेरी बांबू. कुठे त्याला कटांग म्हणतात, कुठे काटस, कुठे कळक. ओढ्या-नदीच्या काठाला, खोल ओलसर मातीत तो उंचच उंच वाढतो. शिडीला, मांडवाला, घराला जाड बांबू मिळतो. पण खालच्या फांद्यांची काटेरी जाळी अशी की तोडणीला दुप्पट वेळ जातो. कुंपणाला उत्तम, पण रोज काठ्या काढायच्या असतील तर बायकांना जड जाणारं काम.

तिसरा माणगा. सिंधुदुर्ग, गोवा, कोल्हापूरचा घाटालगतचा भाग आणि खाली कर्नाटकाची किनारपट्टी, एवढ्याच पट्ट्यातला हा मूळचा. काटे नाहीत, काठी जवळजवळ भरीव आणि सरळ. कोकणात तो परसात, बांधावर लावलेलाच दिसतो. टोमॅटोच्या आधाराला, फर्निचरला त्याला मागणी असते. त्याचं बी सहसा मिळत नाही, म्हणून रोपं कांडीपासून किंवा कंदापासून करतात. जास्त पावसाचा हा बांबू कमी पावसाच्या माळावर नेऊन लावायचा म्हणजे पाण्याची सोय आधी बघावी लागेल. ईशान्येकडच्या जाड बालकोआ बांबूचंही तेच. तो वाईट नाही, पण फोटोतला बांबू बघून कोरडवाहू शेतात लावू नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, फुलोरा. मानवेल आणि काटेरी बांबू कित्येक दशकांतून एकदाच फुलतात. फुलोरा आला की बी धरतं आणि बेट वाळून मरतं. एकाच पिढीच्या बियांपासून झालेली बेटं साधारण एकाच वेळी फुलतात. मिझोराममध्ये तिथला एक बांबू साधारण 48 वर्षांनी फुलतो. त्याची फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतातलं धान्य फस्त करतात. 1959 च्या सुमारास तिथे यातूनच दुष्काळ पडला होता.

आपल्यासाठी यातला मुद्दा असा : कंदापासून केलेलं रोप दिसायला नवं असतं, पण त्याचं वय आईबेटाचंच. आईबेट फुलायला आलं असेल तर आपलं रोपही तिच्याबरोबर फुलून जाईल. म्हणून रोपवाटिकेत तीन प्रश्न विचारायचेच : जात कोणती? रोप बियांचं की कंदाचं? बियांचं असेल तर बी कुठल्या वर्षीच्या फुलोऱ्याचं? उत्तर मिळालं नाही तर आगाऊ रक्कम देऊ नका.

तोडणीचं थोडक्यात. पावसाळ्यात नवे कोंब निघतात आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात, तेव्हा बेटात कोयता घालायचा नाही. पक्क्या कामाला तीन वर्षांवरची काठी घ्यावी. सूप-टोपल्यांना मात्र कोवळट, हिरवा बांबू लागतो, हे बुरुडकाम करणाऱ्या ताईंना सांगायला नकोच. नव्या काठ्या बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात, जुन्या मध्ये राहतात, म्हणून एका बाजूने वाट करून आतल्या काढायच्या. कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी करताना कोंब चिरून उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. कच्च्या कोंबात विषारी अंश असतो.

परवानगीचं विचाराल तर जंगलाबाहेर वाढवलेला बांबू 2017 पासून केंद्राच्या वन कायद्यात झाड धरला जात नाही. जंगलातल्या बांबूवर 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाचा हक्क सांगता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हातात आले. आपल्या गावाचा सामूहिक दावा कुठपर्यंत आलाय, हे पुढच्या ग्रामसभेत विचारून घ्या.