दिवसा बातमीदार, अडीअडचणीला महाबली

सुपरमॅनला उडता येतं, पण पोटापाण्यासाठी तो वर्तमानपत्रातच नोकरी करतो. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो आला, तेव्हापासून क्लार्क केंट बातमीदार आहे. त्याचा लेखक जेरी सीगल शाळेच्या वर्तमानपत्रात लिहायचा. चित्रकार जो शुस्टरने लहानपणी टोरोंटोत 'डेली स्टार' विकला होता. म्हणून क्लार्कचा पहिला पेपरही 'डेली स्टार'. त्याचा 'डेली प्लॅनेट' झाला १९४० मध्ये.

त्या पहिल्याच अंकात कचेरीत टीप येते, अमुक पत्त्यावर नवरा बायकोला मारतोय. बातमीला निघतो क्लार्क, दारात पोचतो सुपरमॅन. पुढे संपादक त्याला दक्षिण अमेरिकेतल्या एका देशात युद्धाचे फोटो आणायला धाडतो, तर हे महाशय गाडी पकडून वॉशिंग्टन गाठतात आणि एका सिनेटरची लबाडी खणून काढतात. आपल्याकडच्या वृत्तसंपादकाने दुसऱ्या दिवशी हातात मेमोच ठेवला असता! पण धंदा अचूक निवडलाय. कुठे काय बिघडलं, ते न्यूजरूममध्ये आधी कळतं आणि भरदुपारी गायब झालं तरी 'बातमीवर होतो' म्हणून निभावता येतं. बँकेतल्या कारकुनाला ही सोय कुठली?

स्पायडरमॅन तर याच्याही पुढचा. १९६३ पासून पीटर पार्कर स्वतःच्याच पराक्रमाचे फोटो काढून संपादक जेमसनला विकतो आणि जेमसन त्याच फोटोंवर स्पायडरमॅनची बदनामी छापतो. सुपरमॅनच्या बातम्या देणारा क्लार्कही काही धुतल्या तांदळासारखा नाही म्हणा.

आपल्याकडे हाच वसा शक्तिमानने घेतला. सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या या मालिकेत मुकेश खन्ना एरवी असायचे पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, 'आज की आवाज'चे फोटोग्राफर. चष्मा, पुढे आलेले दात, सगळा वेंधळा कारभार. खरी बातमीदारी करायची ती गीता विश्वास. सुपरमॅनच्या गोष्टीतही बातमीसाठी धडपडणारी लोइस लेनच असते, हे मला फार सूचक वाटतं.

दिवा आणि डोंबिवलीच्या मधल्या कोपरला, जिथे खालून लोकल जाते आणि वरून दिवा-वसईची गाडी, असा महाबली काही उतरलेला नाही. बातमीदार मात्र आहेत. सकाळी पोलीस ठाणं, मग पालिका, संध्याकाळी कुणाचं तरी निवेदन. मानधन बेताचं आणि बातमीवर नाव नाही, नुसतं 'वार्ताहर, डोंबिवली'. क्लार्कला चष्मा तरी लावावा लागतो.

डोंबिवलीची पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल धोकादायक ठरवून सप्टेंबर २०१९ मध्ये बंद केला, तेव्हा सगळा भार ठाकुर्लीच्या पुलावर आला. सुपरमॅनने नवा पूल एका रात्रीत टेकवला असता, पण मग बातमीही एकाच दिवसाची झाली असती. इथे पाडकाम, कोंडी, खर्चाचा वाद, टाळेबंदी, पुन्हा काम असा पाठपुरावा करावा लागला. पूल सुरू झाला सप्टेंबर २०२१ मध्ये. त्या दिवशी फोटो पुढाऱ्यांचे आले, आणि वार्ताहर निघाला पुढच्या खड्ड्याकडे, रिक्षाने.