बाइक, बायसिकल आणि ‘रिमूव्ह द पंक्चर’: आयल्ट्स स्पीकिंगमधला सायकलचा प्रश्न

हा एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जाईल, म्हणून नेहमीपेक्षा जरा नीट उतरवून काढलाय.

लातूरच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. त्याला स्पीकिंगमध्ये दोनदा 6.5 आलेत, हवेत 7. बाहेरच्या माणसाला हा अर्धा बँड किरकोळ वाटेल. पण कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत स्पीकिंगचा 6.5 म्हणजे सीएलबी 8, आणि 7 म्हणजे सीएलबी 9. तिथे पॉइंट्समध्ये चांगलाच फरक पडतो. त्यामुळे त्याचं टेन्शन मला कळतं.

प्रश्न पार्ट 1 मधला, अगदी साधा: ‘डिड यू हॅव अ बाइक व्हेन यू वेअर अ चाइल्ड?’ त्याचं उत्तर असं होतं: ‘बायसायकल इज अ व्हेरी इको-फ्रेंडली मोड ऑफ ट्रान्सपोर्टेशन. इन माय चाइल्डहूड आय वॉज हॅविंग अ बायसायकल. इट इज गुड फॉर हेल्थ ऑल्सो.’

आता गंमत बघा. प्रश्न त्याच्या लहानपणाबद्दल होता आणि उत्तर पर्यावरण दिनाच्या भाषणासारखं आलं. पाठ केलेलं वाक्य एक्झामिनरला लगेच ओळखू येतं, कारण त्याचा वेग आणि सूर पुढच्या वाक्याशी जुळत नाही. आणि पार्ट 1 सगळा मिळून 4 ते 5 मिनिटांचा. एका प्रश्नाला तीन-चार वाक्यं बास. त्यातलं एक तुम्ही ‘इको-फ्रेंडली’वर घालवलंत तर स्वतःबद्दल बोलणार कधी?

पण त्याच व्हॉइस नोटमध्ये पुढे तो मराठीत मला काय सांगतो? ‘अरे, बाबांची काळी मोठी सायकल होती. पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायचो. दर दोन दिवसांनी चेन पडायची.’ हे उत्तर आहे! फक्त ते इंग्रजीत आणायचंय. तिथेच आपण मराठी लोक काही ठरावीक ठिकाणी घसरतो.

सगळ्यात आधी शब्द. आपल्याकडे बाइक म्हणजे मोटरसायकल. परीक्षेत बाइक म्हणजे बहुतेक वेळा सायकल. मनातला अर्थ आधीच बदलून ठेवा, नाहीतर ‘नो, आय वॉज नॉट एटीन’ असं काहीतरी बोलून बसाल. आणि उच्चार बायसायकल नाही, बायसिकल. ‘बाय’वर जोर, पुढचं हलकं. चार निकषांपैकी उच्चार हा एक पूर्ण निकष आहे, फ्लुएन्सी, शब्दसंपत्ती आणि व्याकरण यांच्याइतकंच त्याचं वजन. या विषयात हा शब्द चार-पाच वेळा तरी येणार. जड वाटला तर सरळ बाइक म्हणा.

मग काळ. ‘आय वॉज हॅविंग’ हे कुठून येतं कोण जाणे, पण मालकी सांगताना ‘हॅव’ला ‘आयएनजी’ लागत नाही. ‘आय हॅड अ बाइक’, संपलं. आणि इथे मराठी चक्क मदतीला येते. मारायचो, जायचो, पडायची: हा जो ‘-यचो’ आहे ना, तो म्हणजे इंग्रजीतला ‘यूज्ड टू’. ‘मी शाळेत सायकलने जायचो’: ‘आय यूज्ड टू राइड टू स्कूल.’ एकदा ‘यूज्ड टू’ वापरलं की पुढच्या वाक्यात ‘वुड’ चालतं: ‘द चेन वुड कम ऑफ एव्हरी टू डेज.’ मात्र ‘आय वुड हॅव अ बाइक’ म्हणू नका. ‘वुड’ सवयीच्या क्रियेला लागतं, जवळ असलेल्या वस्तूला नाही.

आता क्रियापदं. मला विचाराल तर या विषयात शब्दसंपत्तीचे मार्क इथेच आहेत. ‘एन्व्हायर्नमेंटली सस्टेनेबल’ कुणीही पाठ करतं. पण आपण पंक्चर ‘काढतो’, म्हणून तोंडात येतं ‘रिमूव्ह द पंक्चर’. इंग्रजीत ते ‘फिक्स’ करतात. हवा ‘भरतो’, म्हणून ‘फिल एअर’. त्याऐवजी ‘पम्प अप द टायर्स’. चेन ‘पडली’ला ‘द चेन फेल’ नाही, ‘केम ऑफ’. मी सायकलवरून पडलो: ‘आय फेल ऑफ माय बाइक’, ‘फ्रॉम’ नको. आणि सायकल शिकलो म्हणजे ‘आय लर्न्ड सायकल’ नव्हे, ‘आय लर्न्ड टू राइड’. ‘कैची’ला इंग्रजी शब्द शोधत थांबू नका. काय करायचो ते सांगा: ‘आय कुडन्ट रीच द सीट, सो आय पुट वन लेग अंडर द बार.’ शब्द आठवत नसताना असं वळसा घालून सांगता येणं हेही कौशल्य म्हणूनच मोजलं जातं.

म्हणजे आपल्या लातूरकराचं उत्तर: ‘नॉट माय ओन, नो. आय यूज्ड टू राइड माय डॅड्स. इट वॉज वे टू बिग, सो आय पुट वन लेग अंडर द बार. द चेन वुड कम ऑफ ऑल द टाइम!’ पंधरा-वीस सेकंद. एकही भारी शब्द नाही, आणि तरी आधीच्या उत्तराच्या कितीतरी पुढे.

दुसरा प्रश्न येतो तो ‘आर बाइक्स पॉप्युलर व्हेअर यू लिव्ह?’ इथे बहुतेकजण ‘येस, व्हेरी पॉप्युलर’ म्हणून गप्प बसतात. खरं उत्तर सहसा अर्धं हो, अर्धं नाही असतं, आणि बोलायला मजा त्यातच येते. पुण्याचंच घ्या. एकेकाळी सायकलींचं शहर, आज रस्ताभर दुचाक्या. 2017 च्या शेवटी अ‍ॅपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. पण रविवारी पहाटे सिंहगड रस्त्याला जा, हेल्मेट घातलेले गियरवाले ढिगाने भेटतील. म्हणजे कामाला जायला सायकल कमी, हौस म्हणून जास्त. इंग्रजीत: ‘नॉट फॉर गेटिंग टू वर्क, बट लॉट्स ऑफ पीपल राइड फॉर फन ऑन संडेज.’ छोट्या गावचे असाल तर चित्र वेगळं. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, तुमच्या तालुक्यात ते पाहिलं असेल तर तेच सांगा. ‘मोस्टली स्कूलगर्ल्स’ हे दोन शब्दसुद्धा ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’पेक्षा लाखमोलाचे.

एकीने विचारलंय, ‘माझ्याकडे सायकल कधीच नव्हती, खोटं सांगू का?’ खरंखोटं कोणी तपासत नाही. पण खोटी सायकल रंगवताना डोकं रंग शोधण्यात जातं आणि बोलणं अडखळतं. ‘नो, आय नेव्हर हॅड वन’ म्हणा आणि कारण द्या. भाड्याने तासावर घेत होतात? मैत्रिणीच्या मागे कॅरियरवर बसून जात होतात? ‘आय यूज्ड टू सिट ऑन द बॅक ऑफ माय फ्रेंड्स बाइक.’ फक्त ‘डबल सीट’ म्हणू नका, ते आपल्याबाहेर कोणाला कळत नाही.

तुमची उत्तरं रेकॉर्ड करून पाठवा, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. पुढच्या वेळी पार्ट 2 चं क्यू कार्ड घेऊ.