कागदाची गोष्ट (भाग 7) : वजन ठरतं ते पाण्यात

गेल्या आठवड्यात आपण रिफायनरपाशी थांबलो होतो. तिथून कुटून निघालेला लगदा मशिन चेस्टमध्ये येतो, तेव्हा त्यात तंतू साधारण साडेतीन टक्के असतात. बाकी सगळं पाणी. तरी दिसायला तो आटलेल्या पेजेसारखा दाट. तो तसाच जाळीवर सोडला, तर तंतू एकमेकांत अडकून पुंजके होतात आणि कागद उजेडासमोर धरला की ढगाळ दिसतो. बल्लारपूरला ज्या बांबूपासून कागद होत आला, त्याचे तंतू निलगिरीपेक्षा लांब, म्हणजे गुंतायची खोडही जास्त. म्हणून जाळीवर माल सोडणाऱ्या हेडबॉक्सला पोचेपर्यंत माल 0.7 टक्क्याच्या आसपास आणतात. घावनाचं पीठ आंबोळीच्या पिठाहून पातळ लागतं, तसंच हे.

हिशेब करून पाहा. 70 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅमच्या, ए-4 कागदाचं वजन सुमारे 4.4 ग्रॅम. सगळा माल जाळीवर टिकला असं धरलं, तरी त्या एका पानासाठी 600 मिलिलिटरहून जास्त पातळ माल लागतो. एवढं ताजं पाणी कुठून आणायचं? जाळीखाली गळलेलं बॅकवॉटरच फॅन पंपाच्या तोंडाशी दाट मालात मिसळतं. त्यातले बारीक तंतू आणि फिलरही त्यासोबत परत कामाला येतात.

दाट माल किती सोडायचा, ते बेसिस वेट व्हॉल्व्ह ठरवतो. पण व्हॉल्व्हला लिटर कळतात, तंतू कळत नाहीत. व्हॉल्व्ह जागचा हलला नाही आणि कन्सिस्टन्सी, म्हणजे मालातली तंतूंची टक्केवारी, 3.5 ची 3.6 झाली, तरी 60 जीएसएमचा कागद 61.7 वर जातो. दिवसभर 3.4 राहिली, तर व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडून भागतं. पण ती दर पाच मिनिटांनी हेलकावू लागली, तर मशिनवरचा माणूस हतबल होतो. माझ्या मते आकडा अचूक असण्याहून तो स्थिर असणं मोलाचं आहे. कागदाचं वजन मोजणारा स्कॅनर असतो पार शेवटी, रीलपाशी. मिनिटाला 500 मीटर चालणाऱ्या मशिनवर चूक एक मिनिट उशिरा कळली, की 500 मीटर कागद वाया गेलेला असतो.

त्यामुळे लगाम आधीच घालावा लागतो. पाइपमध्ये बसवलेलं ट्रान्समीटरचं पातं लगद्याची ओढ मोजतं. ओढ वाढली की पंपाच्या सक्शनला पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो. मात्र ही ओढ तंतूंच्या जातीवर, कुटण्यावर आणि प्रवाहाच्या वेगावरही अवलंबून असते. मालात ब्रोक, म्हणजे परत लगद्यात घातलेला वाया गेलेला कागद, वाढला, तर कन्सिस्टन्सी तीच असूनही पातं वेगळा आकडा सांगतं. म्हणून नमुना लॅबमध्ये जातो: गाळायचा, 105 अंशांवर सुकवायचा, तोलायचा.

पण तो सुकेपर्यंत मशिन थांबत नाही. मशिन चेस्टवरचा जुना कामगार तेवढ्यात डबाभर माल काढतो, मूठ आवळतो आणि बोटांतून पाणी निथळल्यावर हातात केवढा गोळा उरला ते पाहतो.