उपचाराचा हिशेब शिकवताना

आरोग्य अर्थशास्त्राच्या कार्यशाळेला आलेले डॉक्टर बसल्या बसल्या लॅपटॉप उघडतात. मी तो मिटायला सांगते आणि फळ्यावर १० रुग्णांचा खर्च लिहिते. ९ जणांचे प्रत्येकी ८,००० रुपये, दहाव्याचे २,२८,०००. सरासरी निघते ३०,०००, मध्यक ८,०००. यातला कोणता आकडा धरायचा?

बहुतेकांचं उत्तर मध्यक असतं. वैद्यकीय महाविद्यालयात आम्हीच तसं शिकवलेलं असतं: एखादा आकडा फारच मोठा असेल, तर सरासरी फसवते. रुग्णालयात किती दिवस राहावं लागलं हे सांगायला मध्यक चांगला. पण जिल्ह्याचं अंदाजपत्रक मध्यकावर उभं राहत नाही. १० गुणिले ८,००० म्हणजे ८०,००० रुपये. प्रत्यक्षात लागले ३ लाख. एकूण किती पैसे लागतील हे सरासरीच सांगते. आणि त्या दहाव्या माणसाच्या घरी काय झालं, शेत गहाण पडलं का, मुलीचं शिक्षण थांबलं का, हे सरासरीही सांगत नाही आणि मध्यकही नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: घरखर्चाच्या मानाने उपचाराचा वाटा किती होता? संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच वर्गात शिकवायला हवं, असं मी म्हणते ते यासाठी.

हा विषय आता डॉक्टरांना शिकावासा का वाटतो, त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये १९९९ साली ‘नाइस’ ही संस्था निघाली. एखादं नवं औषध सरकारी आरोग्यसेवेने द्यावं का, त्यातून मिळणारा फायदा किमतीला साजेसा आहे का, हे ती तपासून सांगते. असे निर्णय होऊ लागले तशी ते हिशेब मांडणारी माणसंही लागू लागली. यॉर्क विद्यापीठाचे छोटे अभ्यासक्रम त्यासाठी जगभर ओळखले जातात. आपल्याकडे याच कामासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने ‘एचटीएआयएन’ ही व्यवस्था उभी केली. चंदीगडची पीजीआय या शिक्षणात आघाडीवर आहे, आणि मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतही हे काम चालतं.

वर्गात मला सगळ्यात आवडतं उदाहरण मोतीबिंदूचं. फेको यंत्राने शस्त्रक्रिया करून घडीची लेन्स बसवायची, की छोटा छेद देऊन हाताने शस्त्रक्रिया करून साधी कडक लेन्स बसवायची? ‘एचटीएआयएन’च्या अभ्यासाने सरकारी कार्यक्रमासाठी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला. शहरात काम करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांना हे सहजी पटत नाही, आणि त्यांची अडचण मला समजते: समोरच्या एका रुग्णासाठी चांगल्यातलं चांगलं निवडायची त्यांना सवय असते. इथे मात्र ज्याच्यापर्यंत अजून कुणी पोचलेलंच नाही, असा माणूस डोळ्यांसमोर ठेवायचा असतो. तेवढ्याच पैशात आणखी किती जणांना दिसू लागेल? साधी लेन्स परवडते, त्यामागेही इतिहास आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब सुरू करून लेन्स इथेच बनवायला घेतली, म्हणून ती स्वस्त झाली. किंमत देवाने ठरवून दिलेली नसते, हे या उदाहरणातून लगेच कळतं.

मग येतो गुणवत्तेने तोललेल्या आयुष्य-वर्षांचा हिशेब. पूर्ण निरोगी १ वर्ष म्हणजे १. अंथरुणाला खिळून, वेदनेत काढलेलं वर्ष त्याहून कमी. समजा, नव्या औषधाला जुन्यापेक्षा ६०,००० रुपये जास्त पडतात आणि त्यातून ०.२ इतकं निरोगी वर्ष जास्त मिळतं. म्हणजे एका पूर्ण वर्षाला ३ लाख रुपये. आपल्याकडे हा आकडा देशाच्या दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनाशी ताडून पाहतात. ते २०२३-२४ साली २ लाखांच्या थोडं वर होतं. तेव्हा हे औषध महाग ठरतं. पण माझ्या मते हिशेब इथे संपवू नये. किंमत किती उतरली तर औषध घेता येईल, हेही त्याच समीकरणातून निघतं. ते हातात असेल तर खरेदी करणारा अधिकारी कंपनीशी नेमकं बोलू शकतो.

०.२ हा आकडा येतो कुठून, यावर मी मुद्दाम बराच वेळ घालवते. रुग्णाला पाच गोष्टी विचारतात: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, आणि चिंता किंवा उदासी. प्रत्येकीच्या पाच पायऱ्या, म्हणजे एकूण ३,१२५ अवस्था. कोणत्या अवस्थेला किती गुण द्यायचे हे पूर्वी दुसऱ्या देशांच्या लोकांकडून उसनं घ्यावं लागे. भारतीयांना विचारून तयार केलेले गुण २०२२ साली प्रसिद्ध झाले. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. तरी वर्गात आम्ही जोडीजोडीने प्रश्न विचारून पाहतो, तेव्हा काम किती नाजूक आहे ते कळतं. गुडघे झिजलेली बाई म्हणते, “दुखतंय की, पण काम काय कुणी थांबवतंय व्हय?” तिच्या रोजच्या कामांपुढे ‘काहीच अडचण नाही’ अशी खूण करायची का? घाईत असलेला माणूस ती करून मोकळा होतो, आणि तिचं दुखणं आकड्यातून गळून जातं.

विचारण्याचा काळही महत्त्वाचा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आरोग्यविषयक फेरीत रुग्णालयात भरती झाल्याचा खर्च गेल्या ३६५ दिवसांचा विचारतात, बाकीच्या आजारपणाचा फक्त १५ दिवसांचा. ऑपरेशन माणूस वर्षभर विसरत नाही. तापाच्या गोळ्या महिन्याभरात विसरतो. ही पाहणी वापरून प्रबंध लिहिणाऱ्यांनी निदान एकदा तरी घरोघर जाऊन ती प्रश्नावली भरून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

कारण हा पैसा खराखुरा कुणाच्या तरी खिशातला असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता; २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. शिवाय डायलिसिस योजनेतून मोफत झालं, तरी आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने येणाऱ्याची बुडलेली मजुरी, सोबत आलेल्या भावाचा खाडा हे या लेख्यांत कुठेच येत नाही. म्हणून सरावाच्या तक्त्यात हे रकाने मी सगळ्यात वर ठेवते.

एका सरावात ड्रेसिंगला किती खर्च येतो ते काढायचं होतं. निवासी डॉक्टरांच्या गटाने परिचारिकेचा वेळ लिहिला १० मिनिटं. त्याच टेबलावर सर्जरी वॉर्डच्या सिस्टर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, ड्रम आणायला मी जाते, नातेवाइकांना बाहेर मी काढते, पट्टी सुटताना पेशंट ओरडतो तेव्हा हातही मीच धरते. आणि नंतर रजिस्टर.” गटाने पहिला आकडा खोडला आणि वॉर्डात जाऊन घड्याळ लावून मोजायचं ठरवलं. त्या दिवशीचा उत्तम धडा मी दिलेला नव्हता, सिस्टरांनी दिलेला होता.

आपल्याकडच्या बऱ्याच कार्यशाळांबद्दल माझी तक्रार हीच आहे. मार्कोव्ह प्रतिमान, मॉन्टे कार्लो, ‘आर’ या संगणकभाषेतली आज्ञावली हे सगळं शिकवावंच. त्याशिवाय अनिश्चितता नीट मांडता येत नाही. पण आत घातलेला खर्च परदेशी लेखातून उचललेला असेल, तर हजार वेळा आकडेमोड करूनही हाती परदेशी रुग्णालयच येतं. आपला खर्च आपल्याच वॉर्डात मोजायला हवा. आणि तो ज्यांना ठाऊक आहे ती माणसं वर्गाबाहेर राहतात. प्रवेश मिळतो तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना.

पुढच्या तुकडीत परिचारिका, जिल्हा रुग्णालयांचे लेखापाल आणि भांडार सांभाळणारे औषधनिर्माण अधिकारी यांच्यासाठी जागा राखाव्यात, असा आग्रह मी धरला आहे. औषध कोणत्या दराने आलं, किती दिवस आलंच नाही, कितीची मुदत संपून गेली, आणि ते नव्हतं तेव्हा रुग्णांना बाहेरून काय आणायला लावलं, हे सगळं त्यांच्या नोंदवहीत किंवा डोक्यात असतं. शिकवणी मराठीतून घ्यावी लागेल, तक्तेही मराठीत लागतील. खर्चाचे तक्ते तयार झाले आहेत. अनिश्चिततेच्या प्रकरणावर सध्या काम चालू आहे.