घास आणि लाच

भातकापणी आटोपली की पाली आणि सुधागडच्या परिसरात जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर वाल उभा राहतो आणि शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरावयाचा, त्यात वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ भरावयाचे, मडके उपडे घालून भोवती जाळ करावयाचा आणि थेंबभर पाणी वा तेल न घालता शेंगा वाफेवर शिजवावयाच्या, ही रायगडची जुनी रीत. शेकोटीभोवती मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले मूल त्या शेंगा आवडीने सोलून खाते. घरी ताटातील वालाची उसळ पाहून तोंड फिरवणारे मूलही पुष्कळदा हेच असते. कडधान्य तेच, मूलही तेच. बदलली ती केवळ परिस्थिती. ‘आमचे मूल काही खातच नाही’ या घरोघरच्या तक्रारीचे मर्म या विरोधात दडलेले आहे.

ही तक्रार क्षुल्लक मानण्याजोगी नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांपैकी सुमारे 69 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती, तर पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. दारिद्र्य हे याचे मोठे कारण होय, यात शंका नाही. परंतु दर तीन बालकांतील दोन जेव्हा रक्तक्षयाने ग्रासलेली असतात, तेव्हा दोन्ही वेळा चूल पेटणारी घरेही त्यातून सुटलेली नसतात, हे उघड आहे.

मुलाच्या नकारामागे हट्टापेक्षा निसर्ग अधिक असतो. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळच्या जवळजवळ तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी ते दोन-अडीच किलोंनीच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्याच सुमारास अनोळखी पदार्थाविषयीचा उपजत संशय बळावतो. लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास 1982 साली प्रसिद्ध झाला. नवा पदार्थ दोन वर्षांच्या मुलांनी जितक्या अधिक वेळा चाखला, तितकी त्याची आवड वाढत गेली, असे त्यात आढळले. दोन दिवस नाचणीची भाकरी नाकारली म्हणून ती कायमची बंद करणारे घर, निकाल लागण्यापूर्वीच परीक्षा सोडून देते.

मग आई-वडील सुलभ मार्ग धरतात. ‘भाजी संपव, म्हणजे बिस्कीट मिळेल.’ अर्थशास्त्राच्या भाषेत हा मजुरीचा करार झाला. भाजी हे कष्ट आणि बिस्कीट हा त्याचा मोबदला, असे मूल्यमापन मूल चटकन शिकते. कारण मोबदला ज्यासाठी द्यावा लागतो ते काम नकोसे असणार, हे त्यालाही कळते. बर्च यांच्याच 1984च्या प्रयोगात एक नवे पेय पिण्याबद्दल काही मुलांना बक्षीस देण्यात आले. पुढे त्या मुलांना ते पेय पूर्वीपेक्षा कमी आवडू लागले. लाचेने घास पोटात जातो, परंतु त्याची गोडी जाते.

मग सर्व काही मुलाच्या मर्जीवर सोडावे काय? क्लारा डेव्हिस या वैद्यक विदुषीने पंधरा बालकांना स्वतःचे अन्न स्वतः निवडू दिले आणि ती उत्तम वाढली, हा 1939 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकदा सांगितला जातो. तथापि त्या बालकांपुढे ठेवलेले सर्वच पदार्थ साधे आणि सकस होते. खरी किमया त्या यादीतच होती, हे स्वतः डेव्हिस यांनीच नमूद केले आहे. पानात काय वाढावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि त्यातले किती खावयाचे हे मुलाने, ही विभागणी त्यातून निघते. पानाशेजारी तळलेल्या कुरकुरीत पदार्थाचे पाकीट असेल, तर निवड निवड राहत नाही.

हे पाकीट आता केवळ पांढरपेशा घरांपुरते उरलेले नाही. पाच-दहा रुपयांत मिळणारे ते रंगीत पुडके आदिवासी वाडीवरही पोहोचले आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी आईला चुलीशी बसण्यास सवड नसते. रडणाऱ्या मुलाच्या हाती पुडके देणे हा तिच्या दृष्टीने वेळेचा हिशेब असतो. तिला उपदेश करणे हा अन्याय होईल. तिच्या मुलाला 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडीचा ताजा, गरम आहार भट्टीच्या ठिकाणीही मिळणे, हाच तेथे उपाय होय.

ज्यांना सवड आणि शिधा दोन्ही आहे, त्यांची जबाबदारी मात्र वेगळी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास. असे असूनही मोठ्यांच्या ताटात भात आणि मुलाच्या वाटीत ‘पौष्टिक’ म्हणून नाचणी, असा भेद केला की मूल नाचणीला औषध समजते. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत मेद, मीठ व साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 साली झाला. परंतु घराच्या फडताळाला कोणताही नियम लागू होत नाही. तेथे शहाणपण मोठ्यांनीच दाखवावयाचे असते. पोपटीच्या मडक्याभोवती मुलाला कोणी आग्रह करीत नाही, बक्षीस देत नाही की धाकही घालीत नाही. मोठी माणसे तेच अन्न चवीने खात असतात आणि मूल त्यांच्यातलेच एक असते, एवढेच. ताटाभोवती हे साधले, तर लाचेची गरज उरणार नाही.