फोनवरचा आपलेपणा कसा घडतो

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजलेत. क्रेडिट कार्डाच्या बिलात गफलत दिसली म्हणून एक ग्राहक टोल-फ्री नंबर लावतो. तो कॉल फिलिपिन्समधल्या मनिलात पोहोचतो. तिथे तेव्हा रात्रीचे दहा असतात, हिवाळ्यात अकरा.

यंत्रणा रांगेतला कॉल मोकळ्या झालेल्या एजंटाकडे सोडते आणि ग्राहकाचं खातं पडद्यावर उघडतं. एजंट ओळख पटवून घेते, तक्रार ऐकते, दिलगिरी व्यक्त करते, तोडगा सुचवते. प्रत्येक कॉलची मिनिटं मोजली जातात. क्वालिटी विभाग रेकॉर्डिंग ऐकून शब्दांना आणि सुरालाही गुण देतो. म्हणजे कॉल लवकर संपवायचा, पण घाई ग्राहकाला जाणवू द्यायची नाही. समोरचा शिव्या देत असला तरी आवाज चढता कामा नये. स्वतःचा राग गिळून दुसऱ्याचा राग उतरवणं हे या नोकरीतलं खरं कष्टाचं काम.

हे काम फिलिपिन्सकडेच का गेलं? ‘फिलिपिनो मुळातच मायाळू, आणि अमेरिकन इंग्रजी त्यांच्या जिभेवरच असतं’, हे ठरलेलं उत्तर. अभ्यासक जॅन पाडिओस यांनी ‘अ नेशन ऑन द लाइन’ (२०१८) या पुस्तकात नेमकं हेच उत्तर तपासलं. अमेरिकनांशी सहज जुळवून घेण्याची ही हातोटी उपजत नाही, साम्राज्याच्या इतिहासातून ती घडली आहे, असं त्या दाखवतात.

तो इतिहास असा. १८९८ च्या पॅरिस तहात अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स घेतलं. स्वातंत्र्यासाठी उठलेल्या फिलिपिनोंना युद्धात चिरडलं. १९०१ मध्ये इंग्रजी शिक्षणाचं माध्यम झालं आणि त्याच वर्षी ‘थॉमस’ जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी शाळेतली इंग्रजी राहिली. सिनेमा, गाणी आणि अमेरिकेत गेलेले नातलग यांतून अमेरिका घरोघरी ओळखीची झाली.

या पायावर सरकारने धोरण उभं केलं. १९९५ च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्रांना करसवलती मिळाल्या. पुढे शहरातली एकेक इमारतही असं क्षेत्र ठरू लागली. १९९५ मध्येच दूरसंचार क्षेत्रही स्पर्धेला खुलं झालं. २०१० च्या सुमारास फोनवरच्या सेवेत फिलिपिन्सने भारताला मागे टाकलं. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत ज्यांनी अमेरिकन उच्चार घोटले, त्यांना ही स्पर्धा चांगलीच ठाऊक आहे.

परदेशात राबून घरी पैसे पाठवणाऱ्यांना फिलिपिन्समध्ये ‘नवे वीर’ म्हणतात. तोच गौरव कॉल सेंटरवाल्यांच्याही वाट्याला आला. पण गौरवाने झोप भरून निघत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या कामासाठी कायद्याने किमान १० टक्के जादा वेतन ठरवलं आहे. त्यात जागरणाची भरपाई धरली आहे, गिळलेल्या रागाची नाही.

म्हणूनच पाडिओस यांचं म्हणणं मोलाचं वाटतं. गोड बोलणं हा एखाद्या समाजाचा स्वभाव ठरवला की ते कौशल्य फुकटात मिळाल्यासारखं वापरता येतं. ते श्रम आहेत असं मान्य केलं, तरच त्यांचा मोबदला, त्यांची विश्रांती आणि शिवीगाळ करणाऱ्याचा फोन ठेवून देण्याचा हक्क यांवर बोलणी सुरू होऊ शकतात.