मुद्रितातील रूपभेद
जळगावच्या मुद्रणालयातून धुळ्यातील अभ्यासकाकडे संगणकावरून तपासणीस जाणारे मुद्रित दोन्हीकडे सारखेच दिसते, असे नाही. धारिकेत असतात ते अक्षरांचे संकेतांक. आकृती पुरवितो तो टंक. तो धारिकेत अंतर्भूत नसल्यास वाचकाच्या यंत्रावरील दुसराच टंक त्याची जागा घेतो. युनिकोडपूर्व टंकांत देवनागरी आकृती रोमन संकेतांकांवर बसविलेल्या असत. तसा मजकूर परक्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होतो.

युनिकोडने हा अनर्थ टळला; सूक्ष्म भेद मात्र उरले. ‘आचाऱ्यांना’ या शब्दातील रकार काही जण ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने टंकतात. ते चिन्ह गळाले की ‘आचार्यांना’ उमटते, आणि स्वयंपाकी गुरुपदी चढतो! शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मान्य केलेले पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हेही, मजकुराची भाषा हिंदी नोंदली गेल्यास, काही टंकांत पालटतात.

अहिराणीच्या शब्दसंग्रहात लिखित रूप हाच पुरावा असल्याने मुद्रित टंकासह पीडीएफ स्वरूपातच मागवावे. अक्षरांच्या बाह्यरेषा करूनही रूप स्थिर राहते, परंतु मग त्यात शब्द शोधता येत नाही.